फ्रान्समधल्या खेड्यात राहायला गेल्यावर तिथल्या फुटबॉल क्लबशी नातं जुळतं का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीसाठी पश्चिम फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात एका लहान गावात जाताय, फ्रेंच मोडकंतोडकं येतं, आणि गावात हौशी फुटबॉल क्लब आहे असं कळलंय. रविवारी सामना बघायला परक्या माणसानं नुसतं जाऊन उभं राहिलं तर चालतं का, हा तुमचा प्रश्न. चालतं. पण नुसतं उभं तुम्हाला फार दिवस राहू देणार नाहीत. माझी गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

मी ब्रिटनीतच, फुजेर आणि वीत्रे या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात सात वर्षं राहते. गाव जेमतेम बाराशे वस्तीचं. दुधाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. बाबांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियममध्ये शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडीलचे सामने बघितलेत. त्यामुळे पेठेचा संघ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पहिल्या हिवाळ्यात रविवार मला खायला उठायचा. दुपारी बेकरी बंद झाली की गावात चिटपाखरू दिसत नाही. असंच एकदा फिरत होते, तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. चर्चच्या मागचा उतार उतरून गेले तर मैदान! स्टँड नाही, खुर्च्या नाहीत. चारी बाजूंनी कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी कठडा. त्याला तिथे ‘मँ कुरांत’ म्हणतात. त्यावर कोपरं टेकून साठ-सत्तर माणसं उभी होती. मी जाऊन उभी राहिले, तर येणारा प्रत्येक माणूस कठड्याच्या कडेकडेनं चालत सगळ्यांशी हात मिळवत पुढे जात होता आणि माझ्याशीही हात मिळवत होता. शाळकरी पोरंसुद्धा. ‘बोंझूर’ म्हणायचं आणि पुढे. त्या एका तासात माझे जेवढ्या लोकांशी हात मिळाले, तेवढे आधीच्या चार महिन्यांत मिळाले नव्हते.

आता खेळाची पातळी सांगते, म्हणजे तुमचा अपेक्षाभंग व्हायचा नाही. फ्रान्समध्ये सगळ्यात वर लीग १ आणि लीग २, मग नॅसिओनाल, नॅसिओनाल २ आणि ३, त्याखाली प्रांताच्या तीन पायऱ्या आणि मग जिल्ह्याच्या. आमचा पहिला संघ जिल्ह्याच्या तिसऱ्या पायरीवर खेळतो, म्हणजे लीग १ मधल्या पॅरिस सँ-जेर्मेंपासून खाली मोजत आलात तर अकरावी पायरी. गोलकीपर दूध काढून थेट मैदानावर येतो. सेंटरबॅक छपरं घालतो. पण ही शिडी एकच आहे, सलग आहे. रीतसर वर चढत गेलं तर तिच्यात कुठेही भिंत नाही, आणि गावातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी एका आजींनी मला हाक मारली आणि हातात चिमटा दिला. सॉसेज उलटायची होती. आमच्याकडे सामन्याला ‘गालेत-सोसिस’ लागतंच: शेगडीवर भाजलेलं डुकराचं सॉसेज बकव्हीटच्या (कुट्टूच्या पिठाच्या) थंड घावनात गुंडाळून देतात. त्यावर मोहरीची चटणी मागू नका, जुनी माणसं खरंच दुखावतात. तुम्ही शाकाहारी असाल तर लोणी-साखर घातलेलं ‘क्रेप’, म्हणजे पातळ घावन मिळतं, ब्रिटनीतलं लोणी खारट असतं आणि ते फार छान लागतं. तर, मी सॉसेज उलटली. पुढच्या रविवारी गल्ल्यावर बसले. त्याच्या पुढच्या रविवारी कुणी विचारलंसुद्धा नाही, एप्रन माझ्यासाठी खिळ्याला टांगलेला होता.

या टपरीला ‘ब्युवेत’ म्हणतात आणि क्लबचा सगळा संसार तिच्यावर चालतो. असे क्लब १९०१ च्या संस्था-कायद्याखाली नोंदलेले असतात: नफा वाटायचा नाही, पदाधिकारी सेवाभावी. बिअर आणि सायडर विकायलाही महापौरांची तात्पुरती परवानगी लागते आणि क्रीडा संस्थेला ती वर्षाला दहाच वेळा मिळते. म्हणून कोणत्या सामन्याला बार लावायचा, यावर ऑगस्टमध्येच मोठी चर्चा झडते. शेजारच्या गावाशी होणारा सामना त्यात आधी लिहिला जातो. बाकी पैसे सोडतीतून, हिवाळ्यातल्या लोटोच्या (आपल्या हाऊजीसारखा खेळ) संध्याकाळींतून, खेळाडूंच्या वार्षिक लायसन्स-फीतून आणि बेकरीवाल्यानं जर्सीवर छापून घेतलेल्या नावातून येतात. मैदान मात्र कम्यूनचं, म्हणजे गावच्या पालिकेचं. त्यामुळे पावसानं चिखल झाला की शुक्रवारी महापौरांचा ‘आरेते’ (लेखी आदेश) फाटकावर लागतो: मैदान बंद. अशा रविवारीसुद्धा लोक दोन वाजता फाटकापाशी येतात, तो कागद वाचतात आणि तिथेच तासभर बोलत उभे राहतात. मीही राहते.

झेंड्याचं आता सांगते. या पातळीवर मुख्य पंच जिल्हा फुटबॉल संघटनेनं पाठवला तर नशीब, रेषेवर झेंडा घेऊन उभे राहणारे दोघं मात्र क्लबांनीच द्यायचे, दोन्हीकडचा एकेक. ज्याच्या हातात झेंडा, त्याच्याकडे त्या मोसमाचं लायसन्स, म्हणजे फुटबॉल महासंघाचं नोंदणीपत्र, हवं. एका मार्चमध्ये आमचे नेहमीचे काका गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. अध्यक्ष माझ्याकडे आले, म्हणाले, तू कोल्हापूरची ना, तुला फुटबॉल कळतं. (कोल्हापूर हे नाव मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता ते नीट उच्चारतात.) मी लायसन्स काढलं आणि झेंडा घेतला.

एप्रिलमध्ये शेजारच्या गावाशी सामना होता. १-१ बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. आमचा विंगर माझ्या पुढ्यातूनच चेंडू घेऊन गेला आणि त्यानं क्रॉस टाकला, गोल झाला. कठड्यावर नुसता जल्लोष. पण क्रॉसच्या आधी चेंडू पूर्ण रेषेबाहेर गेलेला मी बघितला होता. माझ्या बुटापासून हातभर अंतरावर. मी झेंडा वर केला. हात कापत होता, खोटं कशाला सांगू. पंचानं गोल रद्द केला. एक माणूस माझ्यावर ओरडला, बाकी सगळे गप्प. ती शांतता जास्त लागली. सामना १-१ सुटला आणि मी झेंडा गुंडाळून चेंजिंग रूमच्या मागे जाऊन उभी राहिले. विंगर आला, वय वर्षं एकोणीस, पाय चिखलात माखलेले. म्हणाला, ‘बाहेर होता. मला माहीत होतं.’ आणि हात पुढे केला. त्या दिवसापासून मी ‘आपला क्लब’ म्हणते. शिवाजी पेठेत मला संघ जन्मानं मिळाला होता. इथे तो असा मिळाला.

क्लबची नावं तुम्हाला सुरुवातीला कोड्यात टाकतील. ब्रिटनी आणि वांदे भागात कितीतरी क्लब चर्चच्या ‘पात्रोनाज’मधून, म्हणजे पाद्रीबाबांनी पोरांसाठी चालवलेल्या मंडळांतून निघाले. समोर सरकारी शाळेच्या मास्तरांचा क्लब असायचा. हजार वस्तीच्या गावात दोन संघ! आमच्या गावातही तसे दोन होते. म्हातारी माणसं अजून सांगतात की कुणाच्या मावशीनं दुसऱ्या क्लबातल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा घरात काय झालं. पुढे पोरं कमी झाली, दोन्ही एक झाले. आता तर तेरा वर्षांखालचा संघ तीन गावं मिळून उभा करतात आणि मुलांना सरावाला नेणं-आणणं हे पालकांचं आठवड्याचं मोठं काम असतं. तुमच्याकडे गाडी असेल तर तुम्हाला पहिलं काम बहुधा हेच मिळेल.

पात्रोनाजची ही परंपरा गावाबाहेर फार दूरवर पोचलीय. देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, कूप द फ्रान्स, सुरू झाली ती शार्ल सिमों यांच्या स्मरणार्थ. ते याच पात्रोनाज चळवळीतले संघटक, १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारले गेले. पहिली अंतिम फेरी १९१८ मध्ये, युद्ध अजून चालू असतानाच झाली. या स्पर्धेत कुठलाही क्लब नाव घालू शकतो, सात हजारांहून जास्त क्लब घालतात. ऑगस्टअखेर खेड्यांतून सुरुवात होते, लीग २ चे संघ सातव्या फेरीला उतरतात, लीग १ चे त्यानंतर, शेवटच्या ६४ मध्ये. नियम असा की समोरचा संघ दोन किंवा जास्त पायऱ्या वरचा असेल तर सामना खालच्याच्या मैदानावर. आमच्याकडे एकदा चार पायऱ्या वरचा संघ आला. आम्ही ४-० हरलो. पण त्यांचे खेळाडू आमच्याच शेगडीवरचं सॉसेज खाऊन गेले, आणि त्यातली दोन मी भाजली होती.

उत्तर फ्रान्समधल्या कॅले शहराच्या संघाची गोष्ट तर इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २००० साली चौथ्या पायरीवरचा तो हौशी संघ थेट अंतिम फेरीत गेला. उपांत्य फेरीत त्यांनी अव्वल श्रेणीतल्या बोर्दोला हरवलं. अंतिम सामन्यात तशाच अव्वल श्रेणीतल्या नांतकडून २-१ हरले, तेही शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर. नांतचा कर्णधार मिकाएल लांद्रो यानं कॅलेच्या कर्णधाराला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून कप उचलला. २०१८ मध्ये वांदेतल्या लेझेर्बिए या छोट्या शहराच्या संघानंही अंतिम फेरी गाठली, पॅरिस सँ-जेर्मेंकडून २-० हरले, आणि पॅरिसचा कर्णधार थियागो सिल्व्हा यानं लेझेर्बिएच्या कर्णधाराला कप उचलायला सोबत घेतलं. त्यानंतर काही दिवसांतच तो संघ तिसऱ्या पायरीवरून खाली घसरला. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक, घरगुती. तुम्ही ब्रिटनीची राजधानी रेनच्या आसपास राहणार असाल तर टीव्हीवर सामना बघताना गावातले सगळे रेनच्या मोठ्या क्लबच्याच बाजूचे. त्यांच्यासमोर २००९ आणि २०१४ हे आकडे जरा जपून काढा. दोन्ही वर्षी कपच्या अंतिम सामन्यात रेनला गेंगांनं हरवलं, जेमतेम सात हजार वस्तीच्या, ब्रिटनीतल्याच गावानं. २०१९ मध्ये रेननं पॅरिसला पेनल्टीवर हरवून कप घेतला, तो विषय मात्र खुशाल काढा. कॉफी नक्की मिळेल.

परकेपणाबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नात ते आहे असं वाटलं. सात वर्षांत एकदाच, बाहेरच्या गावी, एक प्रेक्षक माझ्या रंगावरून बोलला. मला त्याचे शब्द कळायच्या आत आमच्या गोलकीपरची आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. आमच्या अध्यक्षांनी ते पंचाच्या कानावर घातलं आणि अहवालात लिहून घ्यायला लावलं. परतीच्या गाडीत कुणीही ‘जाऊ दे’ म्हणालं नाही. त्या संध्याकाळी मला त्याचं फार मोल वाटलं.

भाषेची काळजी करू नका. ‘ऑर-झ्यो’ म्हणजे ऑफसाइड, ‘मँ’ म्हणजे हँड, ‘आले’ म्हणजे चला. एवढ्यावर पहिला महिना निघतो. बाकीची भाषा मी कपबशा विसळता विसळता शिकले. सोमवारचा ‘वेस्त-फ्रान्स’ पेपर घ्या, त्यात अगदी खालच्या गटांचेही निकाल असतात. आपल्या गावाचं नाव शोधण्यातच वाचन सुधारतं.

मोसम सप्टेंबरमध्ये रंगात येतो. पहिला संघ दुपारी तीनला खेळतो, पण तुम्ही एक वाजताच जा. तेव्हा दुसऱ्या संघाचा सामना असतो, कठड्यावर दहा-बाराच माणसं असतात, शेगडी नुकती पेटवत असतात आणि गाडीतून क्रेट उतरवायला हात कमी पडत असतात. चिखलात चालतील असे बूट घाला.