शरीरात शिसं, पारा, आर्सेनिक साठलंय का हे कसं कळतं? केसांची तपासणी करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की काही महिन्यांपासून थकवा आहे, पायांना मुंग्या येतात आणि कुणीतरी केस पाठवून वीस धातूंची तपासणी एकदम करून घ्यायला सुचवलंय. मी लॅबमध्ये धातूंच्या तपासण्या करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे मुंग्या कशाने येतात ते मी सांगणार नाही, पण नमुन्याचं काय होतं ते नक्की सांगू शकतो.

केस पाठवू नका. आधी संशय कोणत्या धातूचा आणि तो शरीरात शिरला कुठून, हे ठरवा. रक्त द्यायचं की लघवी, हे त्यावरून ठरतं.

शिशाचं उदाहरण घ्या. रक्तातलं ९५ टक्क्यांहून जास्त शिसं तांबड्या पेशींत असतं. म्हणून ते संपूर्ण रक्तात मोजतात; सीरम, म्हणजे पेशी काढून उरणारा द्रव, वेगळं केलं की मोजायचं तेच बाजूला टाकल्यासारखं होतं. शिशाचा संपर्क थांबला की रक्तातलं प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतं. त्यामुळे आजचा रिपोर्ट चांगला आला तरी दहा वर्षांपूर्वी शिशाशी संबंध आलाच नव्हता, असं म्हणता येत नाही.

आर्सेनिक याच्या अगदी उलट. रक्तातून ते काही तासांत निघून जातं, म्हणून लघवी तपासतात, आणि तीही संपर्कानंतर दोन-तीन दिवसांच्या आत. यात मासळी घोळ घालते. समुद्री मासे, कोळंबी, खेकडे यांत आर्सेनोबीटेन नावाचं आर्सेनिकचं एक रूप असतं. ते निरुपद्रवी आहे, पण एकूण आर्सेनिकच्या आकड्यात तेही मोजलं जातं. आदल्या दिवशी कोळंबी खाऊन आलेल्या माणसाचा रिपोर्ट पाहून घरच्यांची झोप उडू शकते. म्हणून नमुना देण्याआधी तीन-चार दिवस समुद्री खाणं बंद ठेवायचं. तरीही आकडा जास्त आला, तर आर्सेनिकचे प्रकार वेगवेगळे मोजून मागायचे.

पाऱ्याचं दोन्हीकडे आहे: मासळीतून आलेला पारा रक्तात बघतात, वाफेतून श्वासावाटे गेलेला लघवीत. कॅडमियमचं रक्तातलं प्रमाण अलीकडचा संपर्क दाखवतं, लघवीतलं बराच काळ मूत्रपिंडात साठलेलं. सिगारेट ओढणाऱ्यांत ते जास्तच सापडतं, हे रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा.

आता नमुना घेण्याबद्दल. माझ्या मते चुकीच्या रिपोर्टांचा उगम मशीनपेक्षा इथेच जास्त असतो. आपण जे मोजतो ते इतकं अत्यल्प असतं की साध्या ट्यूबमधला किंवा तिच्या रबरी बुचातला धातूचा अंशही त्यात मिसळतो. म्हणून धातूंसाठी गडद निळ्या टोपणाची खास ट्यूब येते. नेहमीच्या ट्यूबमध्ये रक्त घेताना दिसले तर बिनधास्त विचारा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळही येऊ शकते, त्यामुळे बोटाच्या रक्तातलं शिसं जास्त आलं तर शिरेतून पुन्हा रक्त घेऊनच खात्री करतात. लघवीचंही तसंच. धातूच्या धुळीत काम करणारा माणूस शिफ्ट संपल्यावर कामाच्याच कपड्यांत, हात न धुता डबी उघडतो, झाकण बाकावर पालथं ठेवतो. मग आम्ही लघवी मोजली की बाकावरची धूळ, कोण सांगणार? अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत नमुना द्यायचा. एमआरआयसाठी गॅडोलिनियम या धातूचं इंजेक्शन घेतलं असेल तर किमान चार दिवस थांबा, ते मोजणीत अडथळा आणतं.

मशीन बहुधा आयसीपी-एमएस असतं. हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूत नमुना फवारतात आणि अणू वजनानुसार मोजतात. लघवीत मीठ भरपूर, म्हणजे क्लोरिन आलंच. आर्गॉन ४० आणि क्लोरिन ३५ यांची जोडी जमली की वजन ७५, नेमकं आर्सेनिकचं! ही नक्कल वेगळी काढायची सोय चांगल्या लॅबमध्ये असते.

केसांना मी नाही म्हणतो त्याचं कारण म्हणजे रंग, शाम्पू, पाणी, हवेतली धूळ हे सगळं केसावर बाहेरून बसतं. २००१ साली अमेरिकेत एकाच व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवून पाहिले, तर आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. अपवाद आहे तो मिथाइल पाऱ्याचा, म्हणजे पाऱ्याच्या सेंद्रिय रूपाचा. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पारा लावलेलं बियाणं खाऊन विषबाधा झाली, तेव्हा महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणाऱ्या केसांचे तुकडे तपासून कोणत्या महिन्यात किती पारा गेला याचा माग काढता आला. तुमचा प्रश्न तसा नाही.

आणखी एक गोष्ट टाळा. कुणी आधी धातू बाहेर काढणारं औषध देऊन मग लघवी तपासायला सांगितलं, तर सरळ नकार द्या. त्या औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात, आणि तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडून 'विषबाधा' ठरवली जाते. त्यापुढे येतो चिलेशनचा, म्हणजे अशाच औषधाने धातू बाहेर काढण्याचा उपचार. २००३ ते २००५ दरम्यान अमेरिकेत त्यातून रक्तातलं कॅल्शियम घसरून तीन मृत्यू नोंदले गेले, त्यांत दोन मुलं होती.

रिपोर्ट हातात आला की एकक बघा. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरमागे ५०. या गोंधळात लोक उगाच घाबरतात. शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम हा आकडा दिला आहे: तिथपासून शिसं कुठून येतंय ते शोधायचं आणि बंद करायचं. मुलांमध्ये चिलेशनचा विचार साधारण ४५ च्या पुढे होतो. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा, म्हणजे रिपोर्टवरच्या लाल अक्षरांची धास्ती कमी होईल.

तुमच्या प्रश्नात काम, छंद, जुना रंग खरवडणं, बोअरचं पाणी, धातू असलेली पारंपरिक औषधं यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. यातलं काहीच नसेल तर बी-१२, साखर आणि थायरॉइड या साध्या तपासण्या आधी डॉक्टरांकडून करून घ्या, मुंग्यांची ती कारणं कितीतरी जास्त आढळतात. यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि चिठ्ठीवर नुसतं 'हेवी मेटल' न लिहिता धातूचं नाव आणि शेवटचा संपर्क कधी आला ते लिहून मागा. ट्यूब कोणती काढायची ते आम्ही त्यावरूनच ठरवतो.