रास्पबेरी पाय घ्यावा, ऑफिसातून निघालेला मिनी पीसी घ्यावा, की घरातलाच जुना चालवावा?

प्रश्न: आमचं वन बीएचके आहे, टेबलाखालचा जुना टॉवर पीसी खूप आवाज करतो आणि जागा अडवतो. मुलगा नववीत आहे, तो म्हणतो रास्पबेरी पाय, म्हणजे तो एटीएम कार्डाएवढा उघड्या बोर्डाचा कॉम्प्युटर घेऊ, स्वस्तात मस्त. मी सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवते, ऑडिटरनी दिलेली शीट आहे, बटण दाबलं की मेंटेनन्सची बिलं निघतात. दोघांचं भागेल असं काय घ्यावं?
– एक वाचक, कोपरखैरणे

ताई, निर्णय तुमच्या त्या शीटवरच होणार आहे. बटण दाबून बिलं निघतात म्हणजे आत मॅक्रो आहेत, म्हणजे शीटमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम. पायवर एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, त्यात साध्या एक्सेल फाइल छान उघडतात, पण मॅक्रो असले की कधी चालतात, कधी अर्धे चालतात, आणि सोसायटीच्या बिलात अर्धं चाललेलं आपल्याला परवडत नाही. पायमध्ये एआरएम प्रोसेसर असतो, मोबाइलसारखा, त्यामुळे विंडोजचं नेहमीचं सॉफ्टवेअर त्याच्यावर सरळ चालत नाही. म्हणून घरचा मुख्य कॉम्प्युटर म्हणून पाय नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि स्वस्त म्हणाल तर २०१२ मध्ये पहिला पाय ३५ डॉलरला आला तेव्हापासून हे डोक्यात बसलंय, पण ती नुसत्या बोर्डाची किंमत. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपियरचा चार्जर लागतो, घरातला मोबाइलचा लावला तर चालू होईल पण यूएसबीला करंट कमी मिळतो, मग बाहेरची डिस्क जोडली की कुरकुर सुरू. वर फॅन, डबा, मेमरी कार्ड, मायक्रो एचडीएमआयची केबल, सगळं धरलं की आकडा बराच पुढे जातो. शिवाय काम चालू असताना लाइट गेली तर कार्डावरची सिस्टिम खराब होऊ शकते.

तुमच्यासाठी मी ऑफिसातून निघालेला मिनी पीसीच सांगेन. तुमच्यापासून तीन स्टेशनं पुढे ऐरोलीला, इकडे महापेला एवढी आयटी ऑफिसं आहेत, तिथली मशीनं तीन-चार वर्षांनी बदलली जातात आणि लॉटनी रिफर्बिश्ड वाल्यांकडे, म्हणजे जुनी मशीनं नीट करून विकणाऱ्यांकडे येतात. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी, जाडजूड पुस्तकाएवढा डबा असतो, मॉनिटरच्या मागेसुद्धा अडकवता येतो. प्रोसेसरचा नंबर नीट वाचा. आय५-६५००टी म्हणजे सहावी जनरेशन, आय५-८५००टी म्हणजे आठवी. विंडोज ११ ला इंटेलमध्ये आठवी किंवा पुढचीच अधिकृतपणे चालते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे दुकानदार सहावी कितीही स्वस्त देऊ दे, तुम्ही आठवीवरच अडून बसा. रॅम ८ जीबी आणि एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, हवीच.

दुकानात घाई करू नका, मुलालाही सोबत न्या. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना हे चालू करून बघा, कंपनीचा जुना पासवर्ड राहिलेला असला तर नंतर फार मनस्ताप होतो. वायफाय कार्ड आहे का विचारा, ऑफिसात वायर असायची म्हणून बऱ्याच मशीनमध्ये ते नसतंच. अडॅप्टर ओरिजिनल घ्या. मागे बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट असतो, तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय किंवा व्हीजीए असेल तर तसा कन्व्हर्टर तिथेच लावून चित्र येतंय का बघा. विंडोज आधीच अ‍ॅक्टिव्हेट आहे हे सेटिंगमध्ये दाखवायला सांगा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्याच्यावर लिहून.

विजेचाही फरक पडतो. जुना टॉवर ८० वॉट खातो आणि मिनी १५ असं धरलं, रोज आठ तास, तर महिन्याला १९ युनिटच्या जागी साडेतीन-चार युनिट लागतील.

मुलाचा हिरमोड मात्र करू नका. पाय मुळात केंब्रिजमध्ये मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणूनच तयार झाला, त्याच्यावरच्या ४० पिनांना सेन्सर, एलईडी, मोटर ड्रायव्हर जोडून जे शिकता येतं ते मिनी पीसीवर नाही शिकता येत. त्याला खरंच तेच करायचं असेल तर आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मिनीवर शिकू दे, फुकट आहे, आणि सुट्टीत त्याला त्याचा स्वतःचा पाय घेऊन द्या.

प्रश्न: माझा लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा, ४ जीबी रॅमचा. विंडोज १० चे अपडेट बंद झाले. मी मराठीत लेख टाइप करतो, मेल बघतो, बाकी काही नाही. जुने लेख जुन्या फॉन्टमध्ये आहेत. नवीन घ्यावाच लागेल का?
– निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

नाही सर, अजिबात नको. आतली जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवा, दुसरा स्लॉट असेल तर रॅम ८ करा, आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं असं ते स्वतःच सांगतात, म्हणजे तुमचा लॅपटॉप बसतो. डिस्क बदलल्यावर तोच लॅपटॉप ज्या वेगानी उघडतो ते बघून तुम्हाला बरं वाटेल. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून नुसता चालवून बघता येतो, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घ्या. प्रिंटर विशेषकरून, काही जुन्या लेसर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर फार त्रास देतात.

टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्टची, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्डाची सवय असेल तर तोच कीबोर्ड मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायचं असेल तर आयबस या लिनक्सच्या टायपिंग सोयीत एम१७एन हा भाषांचा संच टाकून घ्या. खरी काळजी जुन्या लेखांची आहे. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा आजच्या पद्धतीत नाहीत, फॉन्ट गेला की 'मराठी' शब्दाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. म्हणून विंडोज पुसायच्या आधी, हे अगदी हात जोडून सांगतो, फॉन्टच्या फाइल, मूळ लेख आणि प्रत्येक लेखाची पीडीएफ असं तिन्ही दोन ठिकाणी ठेवा. मग निवांत कन्व्हर्टरनी एकेक लेख युनिकोडमध्ये आणा, आणि रफार, जोडाक्षरं स्वतः तपासा, तिथे हमखास चुका राहतात.

प्रश्न: कपाटात जुनं नेटबुक सापडलं, अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम. लुबुंटू हे हलकं लिनक्स टाकू का?
– विद्यार्थी, ऐरोली

लुबुंटू चालणार नाही, कारण हा प्रोसेसर ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा आहे (आताचे ६४ बिटचे असतात) आणि लुबुंटूवाल्यांनी ३२ बिट केव्हाच सोडलं. डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अँटीएक्स २३ या आणखी हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकून बघ, १ जीबीत उठते. ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले की मात्र दमेल, तेव्हा टायपिंग, टर्मिनल, सी आणि पायथनचा सराव एवढ्यासाठीच ठेव. आणि चार्जर लावायच्या आधी बॅटरी काढून बघ, फुगलेली असेल तर परत बसवू नकोस, कचऱ्याच्या डब्यात तर टाकूच नकोस, ई-वेस्ट घेणाऱ्याकडेच दे, नेटबुक नुसत्या चार्जरवर चालतंय का ते बघ.