ग्रुपवर सगळे 650 वाले, मग मी नीटचा फॉर्म भरू की नको?

देवगडजवळच्या एका गावातून एका मुलीचं पत्र आलंय. बारावी झाली, नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या 720 मार्कांच्या प्रवेशपरीक्षेसाठी, ड्रॉप घेतलाय, टेस्ट सिरीजसाठी एसटीने कणकवलीला जाते. लिहिते, "ताई, गेटवर सगळे एकमेकांना मार्क विचारत असतात, कोण लातूरला राहून आलंय, कोणाचा दादा मुंबईत एमबीबीएस करतोय, टेलिग्रामवर तर जो तो 650 च्या वर. माझे 480 च्या पुढे सरकतच नाहीत. आत गेल्यावर छाती धडधडते, येणारे प्रश्नपण सोडून येते. बाबांची होडी आहे, ते म्हणतात तू फक्त शिक. पण ह्या पोरांपुढे माझं काय होणार? फॉर्मच भरू नये असं वाटतं."

अगं बाय, फॉर्म भर. आधी भर आणि मग पुढचं वाच.

तू ज्यांना घाबरतेस ना, त्यातले बरेचजण तुझ्या सीटच्या वाटेला येणारच नाहीयेत. ज्याला खरंच देशात वरचा रँक मिळतो तो दिल्लीच्या एम्सला जातो, नाहीतर मुंबईत केईएम, जेजे धरतो, तो ओरोसच्या, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गच्या सरकारी कॉलेजातल्या सीटसाठी तुझ्याशी झगडायला येत नाही. सिंधुदुर्गचं सरकारी मेडिकल कॉलेज 2021 ला सुरू झालं, त्याच वर्षी अलिबागचं, रत्नागिरीचं 2023 ला, आणि तिथल्या 85 टक्के सीट राज्याच्या कोट्यातून भरतात, म्हणजे लातूरची पोरं त्यात आहेत हे खरं, पण कोटा शहरात क्लासला बसलेला राजस्थानचा मुलगा त्या राज्याच्या कोट्यात नाहीच. तुझी खरी स्पर्धा कोणाशी, तर तुझ्या मागेपुढे दहा-पंधरा मार्कांवर उभी असलेल्या मुलांशी. ती ग्रुपवर मार्क टाकत नाहीत, तुझ्यासारखीच गप्प बसून दुसऱ्यांचे वाचतात, म्हणून तुला ती दिसत नाहीत आणि ग्रुपवर फक्त 650 वालेच आहेत असं वाटत राहतं.

आता ते दहा-पंधरा मार्क म्हणजे किती ते बघ. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. चुकणारा एक प्रश्न बरोबर आला की पाच मार्कांचा फरक, म्हणजे तीन प्रश्नांत पंधरा मार्क, आणि तेवढ्यात यादीत हजारो नावं मागे पडतात. लातूरच्या मुलीने दोन वर्षं काय केलं ते तुझ्या हातात नाही, पण तीन प्रश्न आहेत.

आणि दुसऱ्यांच्या आकड्यांवरून आपली किंमत ठरवू नकोस, ते आकडे दरवर्षी वेगळेच बोलतात. 2024 ला 720 पैकी 720 मिळवणारी बरीच मुलं होती, आणि 2025 ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच 686 होते. मग कुठल्यातरी दुसऱ्याच क्लासच्या, दुसऱ्याच पेपरात कोणाला 650 पडले ह्याच्यावरून तू रात्री जागायचं? तो ग्रुप सोड. म्यूट नको, सोडच.

गेटवर टेस्टच्या आधी घोळक्यात थांबू नकोस, बाजूला एकटी बस, पाणी पी. पेपर हातात आला की बायोलॉजीपासून सुरुवात कर, 180 पैकी 90 प्रश्न तिथेच आहेत, अर्धे मार्क, आणि एनसीईआरटीचं पुस्तक नीट वाचलेलं असेल तर पहिल्या वीस-पंचवीस प्रश्नांत हात चालायला लागतो. हात चालला की धडधड आपोआप कमी होते, निदान बऱ्याच मुलांचं तसंच होतं. घरी आल्यावर टोटल बघायच्या आधी एका वहीत लिही, येत असून सोडलेले किती आणि घाईत चुकलेले किती. मला तर वाटतं तुझे 480 अभ्यासापेक्षा ह्या सोडलेल्या प्रश्नांनी अडवलेत.

खऱ्या परीक्षेला सगळ्यांना साधे कपडे, चपला, घड्याळ नाही, पेनसुद्धा आत तेच देतात. मुलाखत नाही, तुझं इंग्लिश कोणी ऐकणार नाही, दादा काय करतो ते कोणी विचारणार नाही. पुढे एमबीबीएसला इंग्लिश लागेल, ते शिकता येतं, सगळेच शिकतात. पण ओरोसच्या ओपीडीत एखादी आजी येऊन "पोटात वायच दुखता" म्हणाली की तिला दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही अशी डॉक्टर आपल्याकडे हवीच आहे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

सीट मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. ह्याच स्कोरवर बीएएमएस, बीडीएसचीपण अ‍ॅडमिशन होते, त्याचा विचार आत्ता नको पण दार बंद नाही एवढं लक्षात ठेव.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर आईला सांग आणि 14416 ला फोन कर, टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि बाबांना एक काम सांग, त्यांनापण काहीतरी करायचंच असेल. डोमिसाईल, आणि कॅटेगरीतून भरणार असशील तर कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयर लागत असेल तर ते, ह्या कागदांना वेळ लागतो आणि कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या वेळी धावपळ होते. ते आत्तापासून त्यांच्याकडे दे. तू पुढच्या टेस्टनंतर मला फक्त सोडलेल्या प्रश्नांचा आकडा कळव, टोटल नको.