मेख का निघते, खिचडी का लागते?

हिवाळी शिबिरं तोंडावर आली की स्काऊट-गाईडचे प्रश्न एकदम वाढतात. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक घेतले आहेत.

यंदा शाळेत स्काऊटचं काम माझ्याकडे आलं आहे. सहावी ते आठवीची ७० मुलं नावं द्यायला तयार आहेत. सुरुवात कशी करू?
(शिक्षक, चोपडा तालुका)

सर, ७० नावं घेऊ नका. एका पथकात जास्तीत जास्त ३२ मुलं, त्यांचे ६ ते ८ जणांचे संघ. आणि ३२ सुद्धा पहिल्या दिवशी नकोत. आधी फक्त आठ मुलं निवडा आणि दीड महिना आठवड्यातून एकदा दीड तास त्यांच्यासोबतच काम करा. नियम, प्रतिज्ञा, बी.पी.चे (म्हणजे स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे) सहा व्यायाम, चार गाठी, शिटीचे इशारे, ध्वजाची घडी एवढं त्यांना पक्कं आलं पाहिजे. मग बाकीची मुलं घ्या. आठांपैकी चार संघनायक, चार उपनायक. शिकवायचं त्यांनी, तुम्ही बघायचं.

बहुतेक पथकं इथेच घसरतात. सर शिटी घेऊन मधे उभे, समोर ३२ मुलं रांगेत, आणि सगळा कार्यक्रम पीटीच्या तासासारखा. सर रजेवर गेले की पथकही रजेवर.

स्काऊट-गाईडचं वय १० ते १७. त्याहून लहान असतील तर ते कब-बुलबुल, त्यांची पद्धत वेगळी. एका मैदानात दोघांची सरमिसळ करू नका. पथकाची नोंदणी आणि तुमचा बेसिक कोर्स या दोन्हींसाठी जिल्हा स्काऊट कार्यालयात जा.

ध्वजाचं एक सांगून ठेवतो, कारण पाहुण्यांसमोर फजिती तिथेच होते. घडी बांधताना दोरीचा शेवटचा फास एकदाच खोचायचा. ‘सुटायला नको’ म्हणून मुलं दोनदा खोचतात. मग वर गेल्यावर झटका दिला की फास सुटायच्या ऐवजी आवळतो. आदल्या संध्याकाळी तीन वेळा उघडून बघा.

मागच्या जानेवारीत शेतात शिबिर घेतलं. संध्याकाळी तंबू ताठ होते, पहाटे दोन तंबू आडवे. वारा नव्हता. मेखा नवीन होत्या.
(स्काऊट मास्टर, अमळनेर तालुका)

वारा नसताना तंबू पडला, तर दोरी आणि माती दोघींकडे बघा.

सुती दोरी दवाने भिजली की आखडते. संध्याकाळी सतारीच्या तारेसारखी ताणलेली दोरी पहाटेपर्यंत आणखी आवळते आणि मेख उपटून काढते. झोपण्याआधी प्रत्येक ताण दोन-तीन बोटं सैल करायचा, हे काम रात्रीच्या पाळीवरच्या संघाचं. नायलॉनचं उलटं असतं. ती भिजली की ढिली पडते, म्हणून तिला सकाळी पुन्हा ताणावं लागतं. एकाच तंबूला दोन्ही प्रकारच्या दोऱ्या लावल्या असतील तर एक बाजू ओढते, दुसरी सोडते आणि खांब तिरपा होतो.

आता माती. आपली काळी माती हिवाळ्यात वरून कडक दिसते, पण तिला भेगा असतात आणि वीतभर खाली ती मऊ असते. वीतभर लांबीची गुळगुळीत लोखंडी मेख तिथे लोण्यातल्या सुरीसारखी. बाभळीची हातभर लांब, चपट्या अंगाची मेख घ्या, टोकाला धार काढा आणि भेग टाळून ठोका. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात काटकोन होतो. सरळ उभी ठोकलेली मेख पहिल्या ताणालाच पुढे वाकते. कोपऱ्यांवर दुहेरी मेख लावा: पहिलीच्या मागे हातभर अंतरावर दुसरी, आणि पुढच्या मेखेच्या डोक्यापासून मागच्या मेखेच्या बुडाशी दोरी. डोक्याला डोकं बांधलं तर दोघी एकदमच निघतात.

शेजारच्या शेतात गहू आहे का, हेही विचारा. शेतीची वीज रात्रीची असली की मोटार रात्रीच सुरू होते, बारं (पाण्याची वाट) फुटतं आणि पाणी तुमच्या मेखांखाली येतं. शेतकरीदादांना आधी विचारलं तर ते दुसऱ्या बाजूची उंच, मुरमाड पट्टी स्वतः दाखवतात.

आणि कोरडी जागा दिसली म्हणून गिरणेच्या किंवा अनेरच्या पात्रात तंबू कधीही टाकू नका. रब्बीचं आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलं की पात्रात पाणी यायला पावसाची गरज नसते.

३२ मुलांची खिचडी करतो. दर वेळी खाली लागते, वर तांदूळ कच्चा. प्रमाण सांगा.
(शिक्षिका, शहादा)

प्रमाण देतो, पण ताई, दोष प्रमाणात नाही, एकाच मोठ्या पातेल्यात आहे. बूड पातळ, थर जाड आणि खाली पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. त्या भडक्यात बूड करपतं, वर वाफ पोचत नाही. पऱ्हाट्या पेटवणीपुरत्या वापरा. पाण्याला उकळी आली की बाभळीची मनगटाएवढी लाकडं लावा आणि शेवटची १५ मिनिटं जाळ ओढून फक्त निखाऱ्यावर ठेवा. झाकणावरही चार निखारे.

त्याहून सोपा उपाय: प्रत्येक संघाने आपली खिचडी आपण करायची. आठ मुलांना तांदूळ ९०० ग्रॅम, तूरडाळ ३०० ग्रॅम, पाणी साधारण ४ लिटर, तेल १०० मिली. मीठ आधी ३० ग्रॅम, मग चव बघून. डाळ अर्धा तास आधी भिजत घाला, नाहीतर तांदूळ मऊ होतो आणि डाळ दाताखाली येते. जवळ अर्धा लिटर उकळतं पाणी ठेवा; मधेच गार पाणी ओतलं की शिजणं थांबतं. चार चुली म्हणजे एखादीची खिचडी लागणारच. लागू द्या. त्या संघाला शेजारचा संघ वाढेल आणि पुढच्या वेळी कोणी चूल सोडून क्रिकेट खेळायला जाणार नाही.

पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्या. काजळी मातीबरोबर निघते, घासणाऱ्यांचे हात वाचतात.

जाड आणि बारीक दोरी रीफ नॉटच्या गाठीने जोडली की निसटते. आणि लाठ्या दोरीने बांधून केलेलं गॅजेट (शिबिरातली मांडणी वगैरे) डुगडुगतं.
(संघनायक, पाचोरा)

रीफ नॉट जखमेच्या पट्टीची टोकं बांधायला. वेगळ्या जाडीच्या दोऱ्यांना शीट बेंड ही गाठ: जाड दोरीचा यू, बारीक त्यातून. गॅजेट डुगडुगतं कारण तू वेढे घेतलेस पण दोन लाठ्यांच्या मधून आडवे आवळलेले वेढे घेतले नाहीस. ते दोन-तीन घे आणि प्रत्येक वेढा ओढून घे. क्लोव्ह हिचच्या गाठीने सुरुवात, क्लोव्ह हिचनेच शेवट.

मुलगी पहिल्यांदाच सातपुड्यातल्या पाल गावच्या शिबिराला चालली आहे. काय विचारावं, काय द्यावं?
(पालक, भुसावळ)

तीन गोष्टी विचारा. रात्री मुक्कामाला महिला किती? एकटी गाईड कॅप्टन (मुलींच्या पथकाची प्रमुख) पुरेशी नाही, किमान दोघी हव्यात. रात्री गाडी जागेवर उभी असते का? जंगल भागात मुक्कामाची परवानगी घेतली आहे का?

सातपुड्यात रात्री गारठा बोचतो आणि तो जमिनीतून येतो. म्हणून अंगावर दोन ब्लँकेटं देण्यापेक्षा एक अंगाखाली, एक अंगावर, आणि सतरंजीखाली वर्तमानपत्रांचे थर. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड, शिटी, टॉर्च, पॅड्स. नवे बूट देऊ नका. पहिल्याच चालीत फोड येतात. डबा फराळाचा नको, मुंग्या लागतात.

मी २२ वर्षांचा, शाळेत स्काऊट होतो. आता कंपनीत नोकरी, फक्त रविवार मोकळा. काही करता येईल का?
(धुळे)

येईल की. वयाच्या २५ पर्यंत रोव्हर (स्काऊटचा मोठ्या मुलांचा विभाग) म्हणून नाव देता येतं. पथकाला कमी असतो तो सामान सांभाळणारा माणूस. रविवारी दोन तास द्या: तंबू उन्हात पसरून वाळवणं, दोऱ्यांची टोकं बांधणं, मेखा मोजून पोत्यात भरणं. ओला तंबू घडी करून कपाटात गेला की पुढच्या शिबिराला काळे डाग आणि कुबट वास घेऊन बाहेर येतो, मग नवीन तंबूसाठी वर्गणी.

‘खरी कमाई’च्या, म्हणजे मुलं छोटी कामं करून पथकासाठी पैसे मिळवतात त्या, दिवसांतही मदत लागते. मुलं दोघा-दोघांनी जातात, ओळखीच्या घरी किंवा दुकानात. काम आधी ठरवायचं, पैसे वहीत लगेच लिहायचे, समोरच्याची सही घ्यायची. काम न करता दहाची नोट हातात ठेवणारे भेटतात. मुलांना ती परत करायला शिकवा. आणि मार्च लागला की हे सगळं सकाळी दहाच्या आत उरकायचं. पाण्याच्या बाटलीशिवाय कोणाला सोडू नका. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नाही.