मलम किती लावायचं?

ताई, लेकीला सोरायसिस (कातडीवर खवलेदार चट्टे येणारा आजार) आहे, तिला जवळ घेऊ का आणि मलम किती लावू, असं तुम्ही विचारलंत. सोरायसिस संसर्गजन्य नाही. लेकीला खुशाल जवळ घ्या. माझ्या मुलालाही हेच आहे. मलमातल्या स्टेरॉइडच्या धास्तीने मी त्याला ते नखभरच लावायचे आणि चट्टे हटायचे नाहीत. मग डॉक्टरांनी माप शिकवलं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, काख, जांघ इथली कातडी नाजूक. तिथे बाकी अंगाला लावायचं तीव्र मलम नको, डॉक्टर बहुधा टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं मलम) किंवा सौम्य स्टेरॉइड देतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. आणि मेडिकलमधून खाजेची मिश्र ट्यूब कृपा करून आणू नका, तिच्यात बरेचदा तीव्र स्टेरॉइड असतं. चट्टे गेले तरी मलम मनाने बंद करू नका, विचारून कमी करा.