गंज हवाय, पण बोटाला लागायला नको

प्रश्न : एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पत्र्याची नेमप्लेट करून घेतली, तो मातकट केशरी गंजका लुक हवा म्हणून आठवडाभर मिठाचं पाणी मारतेय. नुसते ठिपके आलेत, मधे काळं तसंच आहे आणि हात फिरवला की गंज बोटाला येतो. काय चुकतंय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, चूक मिठाच्या आधीची आहे. तो निळसर काळा थर म्हणजे मिल स्केल, कारखान्यात पत्रा गरम असताना लाटतात तेव्हा बसतो, आणि तो शाबूत आहे तिथे पाणी लोखंडापर्यंत पोचतच नाही, तडा असेल तिथूनच गंज फुटतो, तेच तुमचे ठिपके. पत्रा रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमधे बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या घासणीने घासलं की थर सुटतो आणि खालचा राखाडी रंग दिसतो. मग भांड्याच्या साबणाने धुवा आणि इथून पुढे उघड्या हाताने धरू नका, बोटांचे तेलकट ठसे जसेच्या तसे उमटतात.

आता मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, 3 टक्क्यांचं, 6 टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घाला. अर्ध्या लिटरला 60 मिली व्हिनेगर आणि अर्धा मोठा चमचा मीठ. हातमोजे, चष्मा घालून अंगणातच करा. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून अजिबात ठेवू नका, गॅस धरून बाटली फुटू शकते, आणि यात ब्लीच तर कधीच नाही, विषारी क्लोरीन होतो. फवारलं की फेसाळतं आणि बघता बघता केशरी चढायला लागतं, फार छान दिसतं ते! पण घाई नको, उन्हात पूर्ण वाळू द्या मग पुन्हा फवारा, असं पाच-सहा वेळा, कारण ओलं-वाळलं होत राहिलं तरच थर धरतो, सतत ओलं ठेवलं की भुसभुशीत होऊन ओघळतो.

शेवटी साध्या पाण्याने नीट धुवा, मीठ आत राहिलं तर लॅकरखाली खात राहतं. दोन दिवस वाळवून मॅट क्लिअर लॅकरचे दोन हात द्या. हे कॉर्टेन (वरचा गंजच आतलं लोखंड राखतो ते खास पोलाद) नाही, कॉर्टेनमधे तांबं, क्रोमियम असतं म्हणून त्याचा थर घट्ट बसतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तोही नीट टिकत नाही, तेव्हा तुमच्याकडे पाठीमागून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) माराच. आणि प्लेट भिंतीला चिकटवू नका, मधे वॉशर घालून बोटभर पुढे आणा, खालची कडा जरा बाहेर राहू द्या, नाहीतर पहिल्याच पावसात पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ येतील आणि ते सहजासहजी जात नाहीत.