शेवट जोडू नकोस

पोरी,

तुझी वही दोनदा वाचली. पहिली नऊ पानं वाचताना चहा गार झाला. दहाव्या पानावर "आणि मी आजारावर मात केली" हे वाक्य आलं आणि मी वही मिटली. मानसोपचाराच्या वॉर्डातून घरी येऊन तुला सात महिने झालेत. गोळ्या चालू आहेत, झोप अजून मागंपुढं होते, हे तूच मला कंबर तलावाच्या कट्ट्यावर सांगितलंस. मग मात कुणी केली?

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, कॉलेजात बोलू की नको, असं विचारलंस. बोल. फक्त शेवट जोडू नकोस.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मी अख्खा पगार आकाशपाळण्यावर उधळला होता. होम मैदानावर ओळख ना पाळख अशी पोरं गोळा करून पाळण्यात बसवत होतो. तीन रात्री झोप नव्हती आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी मलाच निवडलंय असं वाटत होतं. पुढे बायपोलर हे आजाराचं नाव कळलं, मन कधी अति उसळतं, कधी खोल बुडतं तो; लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. काही वर्षांनी मी भाषणं द्यायला लागलो. पाळण्याचा किस्सा सांगितला की सभागृह हसायचं. मग आवाज खाली आणून म्हणायचो, "आज मी पूर्ण बरा आहे." टाळ्या!

त्या टाळ्यांनी घात केला. पूर्ण बरा माणूस रोज गोळी कशाला गिळेल, लिथियमची पातळी बघायला रक्त कशाला देईल? माझ्याच गोष्टीत मला ते बसवता येईना. गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना न विचारता. पुढल्या पावसाळ्यात पुन्हा वॉर्ड. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने माझं भाषण ऐकलेलं होतं. म्हणाला, "सर, तुम्ही तर बरे झाला होता ना?" मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

म्हणून सांगतो, शेवट जोडू नकोस. मी पोरांची आशा काढून घेतो, असं आमच्या गटातले एकजण म्हणतात. म्हणोत. त्या मुलाचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही. माझ्या शेवटामुळे त्याला वाटलं असेल की बरं होता येतच नाही. मी पहिल्यापासून "चालू आहे, सांभाळतोय" एवढंच म्हटलं असतं, तर त्या दिवशी आम्ही दोघं बोललो तरी असतो.

(सोलापुरात प्रत्येक वक्ता अशा वेळी यंत्रमागाचा तुटलेला धागा आणि गाठ आणतो. तुझ्या चौथ्या पानावर ती आहे. काढ.)

१९८६ साली पेनबेकर आणि बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. त्यांच्याकडे कुणी समारोप मागितला नव्हता, हे ध्यानात घे. वाईट वाटलं की आपण चटकन "मात केली" लिहून मोकळे होतो.

तिसऱ्या पानावरची ती रात्र राहू दे, पण कसं केलंस ते काढून टाक. समोर कोण कुठल्या काठावर बसलंय, आपल्याला कळत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मात्र फळ्यावर लिहायला लाव. चोवीस तास चालतो.

वडील म्हणतात, लग्न ठरणार नाही. त्यांची भीती खोटी नाही, त्यांच्याशी भांडू नकोस. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नं आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुझा आहे. म्हणजे काय सांगायचं आणि काय घरी ठेवायचं, हे ठरवणारी तू. दवाखान्याचं नाव, खोलीतल्या बाईची हकीकत, आईचं रडणं, हे सगळं व्यासपीठावर न्यायलाच हवं असं नाही. भावाला विचारलेलं नव्हतं म्हणून त्याला माझ्या भाषणात आणलं नाही, असं आजवर म्हणत आलो. खरं म्हणजे त्याने माझं देणं फेडायला सोसायटीचं कर्ज काढलं, ते सांगितलं असतं तर पाळण्यावर कुणी हसलं नसतं.

आमच्या घरात तेलुगू. ही गोष्ट मराठीत कितीदा सांगितली त्याला गणती नाही. आईला तेलुगूत एकदाही नाही. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची, मी समोर असायचो. तिनं एकदाच विचारलं, "पाळणा उंच गेल्यावर भीती नाही वाटली?" मी नाही म्हटलं आणि विषय संपवला. ती परत पानं कापायला लागली. आज ती नाही.

रविवारी ये, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. वही आण. दहावं पान फाडू नकोस, त्याच्या मागच्या बाजूला हा आठवडा लिही. सोमवारी झोप किती वाजता लागली, तिथून सुरू कर.

तुझा,
सर